मोठ्या तबकड्यांना लहान तबकड्या कशाला हव्यात?

नारायणगाव म्हटले की मराठी माणसाला आधी तमाशा आठवतो. विठाबाईंचे गाव ते. जत्रांचा हंगाम जवळ आला की तिथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. त्याच नारायणगावापासून काही किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या माळावर, ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. तबकड्या एकूण तीस. त्यांतल्या चौदा साधारण एक किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकात दाटीने बसवलेल्या, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर दूरदूर पसरलेल्या. दोन टोकांमधले अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. हीच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी.

जुन्नरचा परिसर गोमंतकीय वाचकाला तसा परका नसावा. आमच्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी या डोंगरांत पायपीट केली आणि तिथल्या लेण्यांवर, देवींच्या ठाण्यांवर लिहिले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून, म्हणजे टीआयएफआरमधून, कोसंबी १९६२ साली बाहेर पडले. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्याच संस्थेच्या होमी भाभांनी अमेरिकेत असलेल्या गोविंद स्वरूप नावाच्या तरुणाला आणि त्याच्या तीन भारतीय सहकाऱ्यांना तार करून कळवले होते की, रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारायचे ठरले आहे. खोडदच्या तबकड्या पुढे याच गटाने उभ्या केल्या. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काहीच नाही, पण एका दारातून एकजण बाहेर पडतो आणि दुसरा आत येतो, हे पाहताना इतिहास वाचणाऱ्या माणसाला थबकायला होते. असो.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदला प्रदर्शन भरते आणि शाळांच्या गाड्यांच्या रांगा लागतात. काही वर्षांपूर्वी शिवनेरीला गेलो असताना आम्हीही त्या गर्दीत घुसलो. आमच्यात फोंड्याचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी माहिती सांगणाऱ्या मुलाला विचारले, "बाबा रे, तुमच्या सगळ्या तबकड्या एका मापाच्या. परदेशात म्हणे मोठ्यांच्या बाजूला मुद्दाम लहान लावतात. मोठ्या बांधायला पैसा असताना लहान कशाला?" मुलाने दोन वाक्यांत उत्तर दिले, मागून येणाऱ्या पोरांनी आम्हाला पुढे ढकलले. प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. त्याच्यामागे सत्तर-ऐंशी वर्षांची कथा आहे, आणि तिच्यात आपल्या देशाचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा आहे.

आधी मूळ गोष्ट. रेडिओ लहरी लांब असतात, मिलिमीटरपासून कित्येक मीटरपर्यंत. लहर जितकी लांब, तितकी दुर्बीण मोठी हवी, नाहीतर चित्र धूसर. एक मीटर लांबीच्या लहरींत डोळ्याइतके स्पष्ट पाहायचे तर काही किलोमीटर व्यासाची तबकडी लागेल. ती कोण बांधणार? म्हणून युक्ती अशी की, लांब अंतरावर दोन अँटेना ठेवायचे, दोघांकडे येणारी लहर एकमेकींशी ताडून पाहायची आणि त्या ताळ्यातून चित्राचा एक अंश मिळवायचा. अशा अनेक जोड्या, अनेक अंतरे, आणि पृथ्वी फिरते म्हणून तासागणिक बदलणारे त्यांचे कोन, हे सगळे गोळा केले की गणिताने चित्र तयार होते.

या विचाराचे बीज ऑस्ट्रेलियात पडले. सिडनीच्या डोव्हर हाइट्स या समुद्रकड्यावर महायुद्धातला रडारचा अँटेना होता. २६ जानेवारी १९४६ च्या पहाटे सूर्य उगवताना त्या अँटेनावर दोन वाटांनी लहरी आल्या: एक थेट सूर्याकडून, दुसरी समुद्राच्या पाण्यावरून परतून. एकाच अँटेनाला समुद्राने जणू जोडीदार दिला. मॅक्रिडी, पॉसी आणि रुबी पेन-स्कॉट या तिघांचा त्यावरचा लेख १९४७ साली प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या अंतरांवरची मोजमापे एकत्र करून सूर्याचे चित्र रचता येईल, हा गणिती विचार त्यात स्पष्ट मांडलेला आहे. यातल्या पेन-स्कॉटबाईंना आपले लग्न लपवून ठेवावे लागले होते, कारण विवाहित स्त्रीला सरकारी कायम नोकरी नाही असा तिथला नियम. १९५० मध्ये ते उघड झाले आणि त्यांची कायम जागा गेली. १९५१ मध्ये मूल होण्याच्या सुमारास त्यांनी कामच सोडले. पुढची कित्येक वर्षे या शास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव कुठेतरी कोपऱ्यात असे.

आता मास्तरांच्या प्रश्नाकडे वळू. दोन अँटेना दूर असले की त्यांना बारीक तपशील कळतो. जवळ असले की ठोकळ, पसरट आकार कळतो. इथेच गोची आहे. दोन तबकड्या किती जवळ आणता येतील? त्यांच्या व्यासाहून जवळ आणल्या तर एकमेकींवर आपटतील. म्हणजे तबकडी जितकी मोठी, तितके तिच्या जोडीला पसरट आकार पाहणे अशक्य.

हे समजायला एक घरचा दाखला देतो. वास्कोला दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास भजन चालते. तिथले भजन मोबाइलवर टिपून घरी आणून ऐका. टाळ खणखणीत ऐकू येतात, गायकाचा आवाज येतो, पण मृदंगाचा घुमारा गायब असतो, कारण त्या इवल्याशा स्पीकरला खर्जाचा नाद काढताच येत नाही. ऐकणाऱ्याला वाटते, मृदंग वाजतच नव्हता. केवळ दूरदूरच्या मोठ्या तबकड्यांनी काढलेले आकाशाचे चित्र अगदी असेच असते. टाळ आहेत, मृदंग नाही. तारे जन्मतात ते वायूचे विस्तीर्ण ढग, फुटलेल्या ताऱ्यांची पसरत गेलेली कवचे, दीर्घिकांभोवतीचा मंद प्रकाश, हे सगळे खर्जातले. ते नुसते फिके होत नाही. चित्रातून नाहीसे होते, आणि त्याच्या जागी भोवती काळे खड्डे पडतात. गणित तिथे उणे तेज दाखवते! शून्याहून कमी प्रकाश आकाशात असत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळते. पण कमी सरावलेला माणूस त्या खड्ड्यांनी फसतो, आणि ढगात वायू किती हा हिशेब करायला बसला तर त्याचा हिशेब निम्म्यावरही येऊ शकतो.

यावर पहिला उपाय सरळ होता: एकच मोठी तबकडी घेऊन आकाश चाळायचे, आणि त्यातून मिळालेला खर्ज जोड्यांच्या चित्रात मिसळायचा. १९७९ साली रॉन एकर्स आणि अर्नोल्ड रॉट्स यांनी त्याहून बारीक गोष्ट दाखवली. तबकडी म्हणजे काही बिंदू नव्हे. तिच्या एका काठाचे शेजारच्या तबकडीच्या जवळच्या काठापासूनचे अंतर कमी, दूरच्या काठापासूनचे जास्त. म्हणजे एकाच जोडीत अनेक अंतरे दडलेली असतात. तबकड्यांचा रोख आकाशात थोडाथोडा सरकवत नेला तर त्यांतली लहान अंतरेही सोडवून घेता येतात. यातूनच पुढे तुकड्यातुकड्यांनी मोठे चित्र जोडण्याची पद्धत रुजली. आपल्याकडे फरशीचे तुकडे जोडतात, त्यालाही मोझेइकच म्हणतात.

हे सगळे युरोप-अमेरिकेत चालले असताना आपल्याकडे काय चालले होते? इथे मला थोडे रेंगाळावेसे वाटते, कारण ही हकीकत मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही.

गोविंद स्वरूप १९५३ ते ५५ या काळात ऑस्ट्रेलियात होते. सिडनीच्या पॉट्स हिल येथे क्रिस्टियनसनने उभारलेल्या, सहा फूट व्यासाच्या ३२ लहान तबकड्यांच्या रांगेवर त्यांनी काम केले. ती रांग मोडीत निघणार असे कळताच त्यांनी त्या तबकड्या भारतासाठी मागून घेतल्या. देणारे तयार होते, पण जहाजभाडे कोणी भरायचे यावर घोडे अडले. शेवटी त्या तबकड्या आल्या, दिल्लीत पडून राहिल्या, आणि १९६३ मध्ये स्वरूप टीआयएफआरमध्ये परत आल्यावर त्यांनी त्या मुंबईजवळ कल्याणला नेल्या. १९६५ मध्ये तिथे २४ तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटरवर आणि ८ दक्षिण-उत्तर २५६ मीटरवर मांडल्या गेल्या आणि सूर्याचा अभ्यास सुरू झाला. कल्याण म्हटले की आम्हाला शिवरायांच्या आरमाराची पहिली जहाजे आठवतात. भारताच्या रेडिओ खगोलशास्त्राचे पहिले जहाजही तिथूनच पाण्यात उतरले, आणि तेही जुन्या लाकडाचे!

पाठोपाठ उटी. नीलगिरीच्या मुथोराई येथे एक उतार सापडला, जो सुमारे ११ अंशांचा आहे. त्या जागेचा अक्षांशही तितकाच. त्यामुळे त्या उतारावर आडवी ठेवलेली दुर्बीण आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर होते आणि नुसती एका अंगावर वळवत नेली की आकाशातला तारा साडेनऊ तास धरून ठेवता येतो. तिथे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असा पन्हळीच्या आकाराचा अँटेना १९७० साली तयार झाला. २४ लोखंडी कमानी आणि त्यांवरून ताणलेल्या ११०० पोलादी तारा. देशातच आखलेला, देशातच बांधलेला. चंद्र एखाद्या रेडिओस्रोताला झाकतो तो क्षण अचूक टिपून स्रोताचे स्थान आणि आकार काढायचा, ही त्याची मुख्य कामगिरी. अशा शेकडो स्रोतांच्या मोजमापांवरून १९७५ मध्ये स्वरूप आणि विजय कपाही यांनी दाखवले की, दूरचे विश्व जवळच्यासारखे नाही, ते बदलत आलेले आहे. याने महास्फोटाच्या कल्पनेला बळ मिळाले. गंमत अशी की, याच्या विरुद्ध बाजूचे, स्थिर विश्वाचे, जगातले एक अग्रणी म्हणजे आपले जयंत नारळीकर, आणि ते १९७२ पासून त्याच टीआयएफआरमध्ये होते! एकाच छपराखाली दोन विरोधी पक्ष नांदत होते. पुढे नारळीकरांची आयुका आणि स्वरूपांचे एनसीआरए या संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

पण चंद्राची युक्ती चंद्राच्या वाटेपुरतीच. वाटेबाहेरचे आकाश तसेच राहते, आणि संपूर्ण चित्रही मिळत नाही. त्यासाठी उटीसारखे अनेक अँटेना हवेत. तेवढा पैसा कुठला? तेव्हा स्वरूपांच्या गटाने जे केले ते आपल्या विषयाच्या ऐन मध्यावर येते. त्यांनी त्या प्रचंड अँटेनाभोवती सुमारे चार किलोमीटर बाय दोन किलोमीटरच्या परिसरात सात लहान अँटेना बसवले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी उटी सिंथेसिस रेडिओ टेलिस्कोप सुरू केली. ९२ सेंटिमीटरच्या लहरींवर चालणारी, मिश्र आकारांची ही भारतीय दुर्बीण. १९८४ मध्ये तिची पहिली फळे प्रसिद्ध झाली.

इथे मोठ्याबरोबर लहान लावण्याचे कारण खर्जाचे नव्हते, काटकसरीचे होते. जोडीची ताकद तिच्यातल्या लहानावर अवलंबून नसते, तसेच मोठ्यावरही नसते. ती दोघांच्या क्षेत्रफळांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतकी असते. समजा, एकाचे क्षेत्रफळ ९०० आणि दुसऱ्याचे ९. गुणाकार ८१००, वर्गमूळ ९०. म्हणजे मोठ्याच्या संगतीत ९ चा अँटेना ९० च्या जोडीतल्यासारखा काम देतो. एक प्रचंड अँटेना हाताशी असेल तर बाकीचे लहान बांधले तरी चालते. गरिबाघरच्या गृहिणीने एका नारळाच्या रसात सगळ्या पाहुण्यांची हुमण भागवावी, तसे हे. दहा तास टक लावून बसल्यावर ही दुर्बीण बऱ्यापैकी मंद स्रोतांपर्यंत पोचत असे. फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांची चित्रे तिने काढली. पण माझ्या मते तिचे खरे मोल वेगळेच आहे. दूरदूरच्या अँटेनांचे सिग्नल एकत्र आणणे, त्यांच्या चुका एकमेकांवरून सुधारणे, संगणकावर चित्र रचणे, हे सगळे आपल्या माणसांनी तिथे हाताने शिकून घेतले. खोडदचे इंजिनिअर उटीच्या डोंगरात घडले. खोडदबद्दल लिहिताना उटीच्या या सात लहान अँटेनांचा उल्लेखही कुणी करीत नाही, हे मला खटकते.

खोडदच्या तबकड्या मग एका मापाच्या का? त्याचे उत्तर लहरीच्या लांबीत आहे. ४५ मीटरची तबकडी स्वस्तात बांधायची तर ती भरीव पत्र्याची करून भागत नाही. स्वरूपांनी दोरखंडासारख्या ताणलेल्या पोलादी तारांवर बारीक जाळी अंथरली. जाळीचे डोळे १० ते २० मिलिमीटरचे. आमच्या रापणकाराला हे सांगावे लागत नाही: डोळ्याहून मोठा मासा जाळ्यातून निसटत नाही. २१ सेंटिमीटरच्या किंवा मीटरभराच्या लहरीला ती जाळी भिंतीसारखीच, आणि वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे तबकडी हलकी, आणि मोठ्या तबकड्यांच्या एवढ्या संख्येला लागणारा पैसा आवाक्यात. खर्जाची सोय त्यांनी आकारात नव्हे तर मांडणीत केली: मध्यावर दाटीने चौदा, हातांवर विरळ सोळा. सर्वांत जवळच्या जोडीत शंभर मीटरच्या आसपास अंतर आहे. ९२ सेंटिमीटरच्या लहरीवर त्यातून साधारण चंद्रबिंबाएवढा आकार पकडता येतो. त्याहून पसरट, उदाहरणार्थ आकाशगंगेच्या पट्ट्यातला अखंड प्रकाश, खोडदलाही दिसत नाही. तो हवा असेल तर दुसऱ्या दुर्बिणीकडून उसना घ्यावा लागतो.

मिलिमीटर लहरींच्या जगात मात्र मांडणीने भागत नाही. तिथे चंद्रबिंबाच्या दीडशेव्या हिश्श्याहून मोठा आकारसुद्धा निसटू लागतो. कॅलिफोर्नियाच्या इन्यो पर्वतात, सीडर फ्लॅट येथे, २००६ मध्ये कार्मा नावाची दुर्बीण सुरू झाली. नवी कसली, दोन जुन्या संसारांचे भांडे एकत्र केलेले: ओवेन्स व्हॅलीच्या १०.४ मीटरच्या सहा आणि हॅट क्रीकच्या ६.१ मीटरच्या नऊ तबकड्या. पुढे त्यांत ३.५ मीटरच्या आठ लहान तबकड्याही आल्या. एकूण २३, तीन मापांच्या. यातून लक्षात आले की मिश्र संसार सोपा नसतो. मोठी तबकडी आकाशाचा लहान तुकडा पाहते, लहान तबकडी मोठा तुकडा पाहते, आणि दोघींच्या जोडीला दिसणारा तुकडा त्या दोघींच्या मधला. प्रत्येक प्रकारच्या जोडीचा चष्मा वेगळा, म्हणून चित्र रचताना प्रत्येकीचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. तो हिशेब कसा ठेवायचा हे जगाला तिथे शिकायला मिळाले. कार्मा एप्रिल २०१५ मध्ये बंद झाली.

आता अल्मा. चिलीच्या अटाकामा वाळवंटात पाच हजार मीटर उंचीवर, जिथे माणसाला श्वास घ्यायलाही कष्ट पडतात. अमेरिका आणि युरोप यांनी मिळून १२ मीटरच्या ६४ तबकड्यांचा बेत केला होता. खर्च वाढत गेला आणि २००५ मध्ये तो आकडा ५० वर आला. जपानची स्वतःची वेगळी योजना होती. ती बाजूला ठेवून जपान २००४ मध्ये अल्मात सामील झाला. आणताना काय आणले? १६ तबकड्यांची एक छोटी, दाटीची रचना: १२ मीटरच्या चार, आणि ७ मीटरच्या बारा.

या सात मीटरवाल्यांवर आधी बराच वाद होऊन गेला होता. १९९३ मध्ये कॉर्नवेल, होल्डवे आणि उसोन यांनी मांडले होते की, सगळ्या तबकड्या एका मापाच्या ठेवल्या आणि त्यांतल्याच काही एकेकट्या वापरून खर्ज मोजला तरी पुरेल. कागदावर ते बरोबर होते. पण वाळवंटातला वारा कागदावर नसतो. तबकडीचा रोख विकलाभर इकडेतिकडे झाला की त्या गणितात पडणारी फट भरून निघत नाही. संगणकावर बनावट आकाशे रचून पाहणी झाली तेव्हा दिसले की, मधल्या अंतरांसाठी लहान तबकड्या असल्या तर चित्र कितीतरी अधिक विश्वासार्ह होते. १२ मीटरच्या मुख्य रचनेला १.३ मिलिमीटर लहरीवर सुमारे १२ विकलांहून मोठा आकार नीट कळत नाही. सात मीटरवाल्या रचनेमुळे ही मर्यादा सुमारे २९ विकलांपर्यंत जाते. त्याहून मोठ्यासाठी चार एकट्या तबकड्या. कामाला मात्र वेळ लागतो. मुख्य रचनेला जिथे एक तास पुरतो तिथे लहानांना चार-पाच तास बसावे लागते. लहान तबकडीत प्रकाश कमी जमतो, त्याला इलाज नाही.

ही छोटी रचना आखणाऱ्यांमध्ये प्रमुख होते कोइचिरो मोरिता, नोबेयामा वेधशाळेत घडलेले शास्त्रज्ञ. अल्मासाठी ते चिलीला राहायला गेले. ७ मे २०१२ रोजी सँतियागोत त्यांच्या घराच्या दाराशीच त्यांच्यावर हल्ला झाला आणि ते गेले. वय अवघे ५८. पुढच्या वर्षी १३ मार्च २०१३ रोजी अल्माचे उद्घाटन झाले आणि मे महिन्यात त्या सोळा तबकड्यांना मोरितांचे नाव देण्यात आले. जगातल्या सर्वांत महागड्या दुर्बिणींपैकी एकीत नाव लागले ते तिच्या लहान भागाला. मला यात औचित्य वाटते.

कृष्णविवराचे ते नारिंगी कडे आपण सगळ्यांनी १० एप्रिल २०१९ ला वर्तमानपत्रांत पाहिले. एप्रिल २०१७ मध्ये सहा ठिकाणच्या आठ दुर्बिणींनी मिळून निरीक्षणे केली होती. त्यांत ॲरिझोनातली १० मीटरची तबकडी, स्पेनमधली ३० मीटरची, आणि अल्माच्या सदतीसएक तबकड्या एक करून घडवलेला मोठा अँटेना. उटीतलाच तो वर्गमुळाचा हिशेब इथे पृथ्वीभर पसरला: अल्माच्या जोडीने लहानांचाही आवाज ऐकू आला. पण त्या चित्रात एक गोष्ट नव्हती. त्या दीर्घिकेतून निघणारा हजारो प्रकाशवर्षे लांब झोत शंभर वर्षांपासून ठाऊक आहे, आणि तो तिथे दिसत नाही. कारण तेच, जवळच्या जोड्याच नाहीत. मृदंग गेला. २०२३ मध्ये वेगळ्या लहरीवर, वेगळ्या दुर्बिणींच्या संचाने, २०१८ च्या निरीक्षणांवरून कडे आणि झोत एकाच चित्रात आणले. त्या संचात अल्मा होती, आणि ग्रीनलंडमधली १२ मीटरची एक तबकडी होती, जी मुळात अल्मासाठी नमुना म्हणून बनवली गेली होती.

आता खोडदपुढचा प्रश्न. रेडिओ दुर्बिणीला शांतता लागते, म्हणजे मोटारींच्या ठिणग्या, कारखान्यांचा गोंगाट, मोबाइलचे टॉवर यांपासून दूर राहणे. त्यामुळे आसपासच्या उद्योगांवर बंधने आहेत, आणि पुणे-नाशिक रेल्वेमार्ग त्या परिसरातून नेण्याला याच कारणाने हरकत आली. नारायणगाव-जुन्नरच्या माणसाला रेल्वे हवी, यात त्याचे काहीच चूक नाही. बाराशे वर्षांपूर्वीच्या नव्हे, अब्जावधी वर्षांपूर्वीच्या लहरींसाठी आपली गाडी का चुकावी, असे तो विचारणार. स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी पुण्यात वारले. हा वाद ते कसे सोडवते, असा विचार माझ्या मनात येतो. उधारीच्या ३२ तबकड्या घेऊन ज्यांनी सुरुवात केली, त्यांना गाववाल्यांशी बोलायचे कसे हे ठाऊक होते.

आणि मिश्र मापांची कथा तर पुन्हा आपल्याच दाराशी आली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशात स्क्वेअर किलोमीटर ॲरेचा एक भाग उभा राहतो आहे. मूळ आराखड्यात तिथल्या मीरकॅट दुर्बिणीच्या १३.५ मीटरच्या ६४ तबकड्या आणि नव्या १५ मीटरच्या १३३ मिळून १९७ तबकड्या आहेत. भारताने यासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केले, आणि सगळ्या यंत्रणेवर लक्ष ठेवणारी, तिला चालवणारी प्रणाली घडवण्याच्या कामात पुण्याचे एनसीआरए पुढे आहे. १९७ तबकड्यांच्या जोड्या होतात १९,३०६. त्यांत लहान-लहान अशा २,०१६, मोठ्या-मोठ्या ८,७७८, आणि एक लहान एक मोठी अशा ८,५१२. दोन्ही मापांत फरक जेमतेम दीड मीटरचा, पण चष्मे तीन. तो हिशेब ठेवणाऱ्यांत आता खोडदला घडलेली मंडळी आहेत.